शनिवारची डोकेदुखी

गावात कुणी विचारलं, तुमची लेक कॉलेजात नेमकं काय करते, तर माझी आई सांगते, 'रक्ताचा कायतरी बघते.' मी दुरुस्त करायला जात नाही. एकदा गेले होते. शेजारच्या बाई बोंबील वाळत घालत होत्या आणि मी त्यांना नायट्रिक ऑक्साइड समजावून सांगायला बसले. अर्ध्यावर त्यांनी विचारलं, 'मंग त्याची गोली कवा निघनार?' गोळी केव्हाच निघालेली आहे, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हापासून रक्ताचं कायतरी, एवढंच.

इथे मात्र सांगणं भाग आहे, कारण त्याशिवाय माझ्या भावाचं काय झालं ते कळायचं नाही.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. त्या पेशींत एक एन्झाइम आहे आणि ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं. एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, बस. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो. तेवढ्यात तो शेजारच्या स्नायूत शिरतो, सैल हो म्हणून निरोप देतो आणि संपतो. स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते, रक्त वाहतं राहतं. माझं सगळं काम या एकाच एन्झाइमवर आहे. त्याला बिघडायला फार वेळ लागत नाही, आणि बिघडलं की ते निरोप्या बनवायचं सोडून ऑक्सिजनचं एक घातक रूप बनवायला लागतं. ते का बिघडतं, हा माझा प्रश्न. पालघरच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन ओटे आणि वीज गेली की माझं रक्त आटवणारा एक डीप फ्रीझर. खाटकाकडून बकऱ्याची महाधमनी आणायची, ती बर्फात ठेवायची, तिचे बांगडीसारखे तुकडे करायचे आणि ते कशाने सैलावतात, कशाने आवळतात ते बघायचं. बर्फाची पेटी आईची, मासळीची. तिचा वास कितीही धुतला तरी जात नाही. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला होता, तेव्हा मी मुद्दाम पेटी त्यांच्या बाजूला सरकवली.

या एन्झाइमला बिघडवणाऱ्या गोष्टींत एक औषधसुद्धा आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायला देतात ना, ती गोळी. शरीरात गेली की ती हाच वायू सोडते. वाहिन्यांना तो आयता मिळतो आणि कळ थांबते. पण आयता माल सतत मिळत राहिला, की वाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात आणि घरचं एन्झाइम कामातून जातं. म्हणून डॉक्टर दिवसातून काही तास ही गोळी मुद्दाम बंद ठेवतात. आणि सवय झालेल्या माणसाचा पुरवठा एकदम तोडला, तर वाहिन्या नुसत्या पूर्वीसारख्या होत नाहीत, त्या करकचून आवळतात. हृदयाच्यासुद्धा.

दादा माझ्याहून मोठा. आमचं घर किनाऱ्यावरच्या दांडी गावातलं, वडील असेपर्यंत स्वतःची बोट होती. वडील गेले, मासळी किनाऱ्यापासून लांब गेली, डिझेल परवडेना, आणि दादा बोईसरला एमआयडीसीत लागला. माझं कॉलेज त्याच्या पगारावर झालं. तो कुठल्या खात्यात आहे विचारलं तर म्हणायचा, 'पावडरमदी.' बोईसरमध्ये निम्मं जग पावडरमध्ये आहे. तिथे मालाला नंबर असतात, नावं नसतात, आणि काम करणाऱ्यालाही आपण काय भरतो ते बरेचदा ठाऊक नसतं. आईला त्याचं कंपनीत जाणं कधीच पटलं नाही. त्याच्या ताटात भात वाढताना ती रोज एकच वाक्य वाढायची, 'सोड ती कंपनी.' काकांच्या बोटीवर माणूस हवाच होता. दादा हसून जेवायचा.

बोईसरच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. अशाच एका शुक्रवारी मी घरी गेले होते. दादा ओट्यावर जाळं सांधत बसला होता, आणि डोक्याला कंपनीचा गमछा गुंडाळलेला. मळका, कडक झालेला, घडीघडीत पांढरट. आई म्हणत होती धुवायला टाक, आणि तो दोन्ही हातांनी डोकं धरून हसत होता.

'हा सोडला का शनवारी डोका फुटतो,' तो मला म्हणाला. 'आमच्या डिपार्टमेंटमदी सगले बांधतात. नवीन माणूस आला का जुना माणूस त्याला पयला हाच शिकवतो. सुट्टीला गमछा घरी न्यायचा, धुवायचा नाय.'

मी हातातला चहा खाली ठेवला. 'पावडरचं नाव काय?'

'नंबर हाय. पन ड्रमवर नाव असता.' त्याने एकेक अक्षर जोडत सांगितलं. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. छातीच्या कळेची गोळी ज्या भुकटीपासून होते, ती.

परदेशात दारूगोळ्याच्या कारखान्यांत याच जातीचा माल हाताळणाऱ्या कामगारांना अशीच डोकेदुखी व्हायची. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेले की डोकं ठणकायचं, कारण एका दिवसात शरीराची सवय मोडलेली असायची. मग ते सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत थोडा माल लावून ठेवायचे. त्यांच्यातले काही सुट्टीतच छाती धरून मेले. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. मुलांना गंमत वाटते, ती लिहून घेतात. आता तीच गोष्ट आमच्या ओट्यावर जाळं सांधत बसली होती.

'छातीत काही होतं का, सुट्टीच्या दिवशी?'

त्याने आईकडे पाहिलं. ती आत गेल्यावर हळूच म्हणाला, 'गमछा इसरला का शुक्रवारी सांजचा धरतो जरा इथं. कामाला गेला का बरा वाटतो. बोईसरचा डॉक्टर बोलला ॲसिडिटी हाय.'

मी त्याला ओरडले. मला राग आला की समोर कोण आहे ते मी बघत नाही. मास्क कुठे असतो, हातमोजे कुठे असतात? तर ते असतात, साहेब येतात तेव्हा. मी बोलत राहिले, त्या पावडरने तुझ्या रक्तवाहिन्या खाल्ल्या, ते तुझ्या अंगात मुरलेलं विष आहे, त्यातून बाहेर पडायलाच हवं. पण एकदम नाही, अजिबात एकदम नाही. दादा जाळं सांधायचा थांबला होता. माझं शिक्षण त्याच्या घामाचं होतं आणि त्याची किंमत मिळाल्यासारखा तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता. तेही मला सहन होईना.

पालघरच्या हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे मी त्याला नेलं. रजा मिळाली ती कामाच्या दिवशी अर्धा दिवस, त्यामुळे तपासणीत सगळं ठीक निघालं. अंगात पुरवठा होता ना. पण डॉक्टर समजदार होते. त्यांनी माझं पूर्ण ऐकलं, दादाला सरळ सांगितलं की कंपनी सोडायचा दिवस ठरला की त्याच दिवसापासून गोळी सुरू करायची, दर आठवड्याला थोडी कमी करायची, आणि ती संपेपर्यंत जड काम नाही, बोट तर नाहीच. गोळ्यांची एक पट्टी त्यांनी तेव्हाच लिहून दिली. दादाने मान डोलावली. बाहेर येऊन मी तेच पुन्हा सांगितलं. परतीच्या वाटेवर उमरोळीपर्यंत स्कूटरवर मागे बसून तो 'हो बाय, हो बाय' म्हणत राहिला.

खातं बदलून मिळतंय का, तेही त्याने विचारून पाहिलं. सुपरवायझरने हिंदीत सांगितलं, डिपार्टमेंट नहीं बदलेगा, गेट खुला है. तेव्हा दिवाळीपर्यंत थांबायचं आणि मग नीट, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायचं, असं आमचं ठरलं.

आम्ही ठरवून काय होतं? नारळी पुनवेच्या आधी कंपनीच्या शेजारच्या प्लॉटवर आग लागली आणि चौकशी होईपर्यंत कारखान्यांची ती सगळी ओळच बंद केली. कामगारांना गेटवरूनच परत पाठवलं. कधी उघडणार ते कुणी सांगेना. मला हे कळलंच नाही. आमच्याकडे परीक्षा चालू होत्या, आणि दादाला मला चकित करायचं होतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. 'बाय, सोडला सगला! कंपनी बंद हाय, मी पन बंद. कालपासून गमछा पन नाय बांधला, डोका नाय दुखला, मोकला हाय. उद्या पूजा, परवा काकांच्या बोटीवर जातो.'

'गोळी घेतोस ना?'

तो हसला. 'ती टाकली खाडीत. तुला माहीत हाय का, तिच्यावर काय लिवलाय? आमच्या ड्रमवरचाच नाव! आमचाच माल, बाय. डॉक्टरला ठाव नसंल, मना तर ठाव हाय. इष सोडायचा आनि इषच खायचा?'

त्याच्या जागी दुसरा कुणीही असता, तर पट्टीवरची ती बारीक इंग्रजी अक्षरं त्याने वाचलीही नसती. गुमान गोळी गिळली असती. दादाने वाचली, कारण वर्षानुवर्षं तो तेच नाव ड्रमवर बघत होता. कंपनीने त्याला एवढी एकच गोष्ट नीट शिकवली होती.

पुनवेला कॉलेजला सुट्टी होती. सकाळीच नवीन पट्टी घेऊन मी दांडीला गेले. किनाऱ्यावर बोटी रंगवून, पताका लावून उभ्या होत्या. आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या फेरीला बोटीवर धुतल्या अंगाने, धुतल्या कपड्याने चढतात. घरात काही पारोसं राहू देत नाहीत. आईने पहाटे चुलीवर सोडा घालून घरातलं एकूण एक कापड उकळलं होतं. गमछाही त्यातच. मी त्या शुक्रवारी विष विष म्हणून ओरडले होते ते तिने आतून ऐकलं होतं, आणि दोरीवर तो पांढरा स्वच्छ गमछा मला दाखवताना ती किती खूश होती. दादाला मी बोटीपाशी गाठलं. अंगाला रंग लागलेला, कपाळाला कुंकू, आणि मुलगा शाळेतून सुटावा तसा चेहरा. इतका आनंदी मी त्याला वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

'ही आत्ता घे,' मी म्हणाले. 'माझ्यासमोर.'

'बाय, तूच बोलली ना इष हाय?'

'आहेच. पण हळूहळू सोडायचं. एकदम सोडलं की शिरा आवळतात.'

'दारू सोडनाऱ्याला कोन दारू देतो?'

मी सांगितलं. सगळं सांगितलं, अस्तर, एन्झाइम, कसं आवळतं, का आवळतं. वर्गात सांगते त्यापेक्षा सोपं करून सांगितलं. बाजूचे लोक नारळ घेऊन खोळंबले होते, कुणीतरी थट्टेने म्हणालं, मास्तरीन बाईंचा तास सुरू झाला. दादाला माझी कीव आली असावी. त्याने पट्टी घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, 'जरा जरी धरला ना इथं, तर लगेच खातो. तुजी शप्पत.' उद्या जाऊ नकोस म्हणून मी त्याचा हात धरला, काकांच्या पाया पडले, वहिनीला मध्ये घातलं. वहिनी म्हणाली, 'ताई, दोन दिस झाले, त्यांना काय पन झाला नाय. किती वर्सांनी बोटीवर जातायत. जाऊ दे ना.' दोन दिवसांत काही झालं नाही, हे तर समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बोट दुपारीच परतली. जाळं ओढताना तो मध्येच बसला, म्हणाला पाणी द्या. पाणी देईपर्यंत घामाने भिजला. मग खिशाशी काहीतरी धडपडत होता, असं काका सांगतात. त्यांना वाटलं, तंबाखू काढतोय. मला पालघरला फोन आला तेव्हा त्याला टेम्पोत घालून बोईसरला नेत होते. मी पोचले तेव्हा सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सदरा नर्सने माझ्या हातात दिला. पट्टी खिशातच होती, ओली, चुरगळलेली. एका गोळीवरचा कागद कोपऱ्यात फाटला होता, गोळी आतच राहिली होती. हाताला मासळीचं पाणी असलं की तो कागद सुटत नाही. मी पुढे पुष्कळ वेळा करून पाहिलं आहे.

शवविच्छेदनात हृदयाच्या वाहिन्या साफ निघाल्या. गाठ नाही, चरबी नाही. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, घराण्यात कुणाला होतं का असं? वाहिनी आवळून मेलेल्या माणसात सापडण्यासारखं काही उरत नाही. आवळ तोवर सुटलेली असते. कागदावर हृदयविकार असं आलं.

कंपनीतून एक साहेब दहाव्याला येऊन गेले. फार वाईट झालं म्हणाले, आमच्याकडे असताना कधी तक्रार नव्हती म्हणाले. खरंच नव्हती. तो मेला समुद्रावर, कारखाना बंद असताना, आपल्या सख्ख्या काकांच्या बोटीवर. कंपनीचा त्याच्याशी काय संबंध? मी बरंच काही बोलले. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तुम्ही आत्ता दुःखात आहात म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

कारखाना उघडल्यावर मी गेटवर गेले. शिफ्ट सुटली, दादाच्या खात्यातली माणसं बाहेर आली, गळ्यात तेच गमछे. त्यांनी मला ओळखलं, थांबले. मी सांगितलं, दादा कशाने गेला. ते घाबरले, आणि एकाने विचारलं, 'तो मॅडम, छोड़ दें क्या?' मी म्हणाले, नाही. असं एकदम सोडू नका, आधी डॉक्टरकडे जा, सुट्टीत छातीत काही झालं तर लगेच जा. गमछ्याचं काय करायचं, त्याने पुन्हा विचारलं. तोही एकदम धुऊन टाकू नका, मी म्हणाले. म्हणजे माझ्या भावाला ज्या गेटने खाल्लं, तिथेच उभी राहून मी लोकांना सांगत होते की सोडू नका. घरी जाऊन मी त्या दिवशी काही न खाता भांडी घासत बसले.

प्रयोगशाळेत माझं काम चालू आहे. धमनीच्या तुकड्यांवर थेंब पडतो, ते सैलावतात. पुरवठा तोडला की आवळतात. आलेख सुंदर येतो. तो बघून मला पूर्वी जे वाटायचं ते आता वाटत नाही, एवढं खरं. आता मला त्याचा राग येतो.

शेजारच्या बायका समुद्राला दोष द्यायच्या, काकांना द्यायच्या, नशिबाला द्यायच्या. आई त्यांना चहा करून द्यायची. वहिनी माझ्याशी तुटक बोलायची आणि तिचं काय चुकत होतं? मी धरून चालले होते की घरात सगळ्यांच्या मनात एकच आहे. हिने शहाणपणा केला नसता, तर तो गमछा बांधून बसला असता ओट्यावर.

मग एका दुपारी मी आणि आई मागच्या अंगणात करंदी, ती बारीक कोळंबी, निवडत बसलो होतो. वहिनी चिंचणीला माहेरी गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. आईने मान वर न करता विचारलं, 'तू रक्ताचा बघतेस. एक इचारते, खरा सांग. मना बरा वाटावा म्हनून नको सांगू.'

'विचार.'

'कंपनीतच राहिला असता, तर आज असता ना तो?'

मला वाटलं, आली वेळ. एवढे दिवस हिने पोटात ठेवलं, आता माझा हिशेब होणार. मी मनात शब्द जुळवत होते. पुढे कधीतरी झालंच असतं, एखाद्या शुक्रवारी झालं असतं, पन्नाशीही गाठली नसती. सगळं खरं होतं. पण तिने पुढचं विचारलं नव्हतं, तिने आजचं विचारलं होतं. आणि इतकं सगळं झाल्यावर आईशी तरी आडवळणाने बोलायचं नाही, असं मी ठरवलेलं होतं. शिव्या खायची माझी तयारी होती.

'असता,' मी म्हणाले.

तिचे हात थांबले.

'मीच लागले होते त्याच्या मागं,' आई म्हणाली. 'रोज. जेवायला बसला का रोज बोलायची, सोड ती कंपनी.'

मी म्हणाले, नाही, आई, तसं नाही, ऐक. ती ऐकत नव्हती. मी बोलत होते आणि ती पुन्हा करंदी निवडायला लागली होती.